मागचा डावा पाय

माझ्या मुलाला जी वस्तू नको असते पण टाकवतही नाही, ती नारायण पेठेत येते. म्हणजे माझ्याकडे. तारा तुटलेली गिटार, एकदाच डोंगरावर जाऊन आलेला तंबू, जुना कॉम्प्युटर, सगळं माझ्या मधल्या खोलीत रचून ठेवलंय. "आई, काही महिनेच ठेव," असं म्हणून तो सामान वर आणतो आणि ते काही महिने कधी संपत नाहीत. खराडीचा त्याचा फ्लॅट माझ्या घराच्या दुप्पट आहे, पण तिथे म्हणे स्टोरेज नाही. आमची जुनी इमारत पाडून नवी बांधली, लिफ्ट आली, तेव्हा मला वाटलं माझ्या गुडघ्यांची सोय झाली. सोय झाली ती त्याच्या सामानाची.

कुत्राही तसाच आला.

लॅब्राडोर. लग्नानंतर दोघांनी हौसेने आणलेलं पिल्लू. त्याचं नाव मुलाने कुठल्याशा परदेशी फुटबॉलपटूवरून ठेवलेलं. मला ते धड उच्चारता येत नाही, आणि कुत्र्यालाही फारसं पटलेलं नसावं, कारण त्या नावाने हाक मारली तर तो मान वळवायचा आणि तिथेच बसून राहायचा. मी त्याला शहाण्या म्हणते. या हाकेला तो पहिल्या दिवसापासून येतो.

सुनेला दिवस गेले, मग बाळ झालं, आणि मधल्या काळात कुत्र्याला फिरवायला कुणाला वेळ मिळेना. खायला मात्र मिळत होतं. त्याचं पोतं झालं. एक दिवस सोफ्यावरून उडी मारताना त्याच्या मागच्या डाव्या पायाच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि त्याच आठवड्यात मुलगा त्याला घेऊन माझ्या दारात उभा राहिला. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझे व्याही बिचारे काही धाडत नाहीत. त्या कामाला पोटचा मुलगा समर्थ आहे.

"आई, रिकव्हरीला वेळ लागतो म्हणतात. आमच्याकडे बाळ, दोघांचे कॉल्स. तुझं काय, तू दिवसभर मोकळीच असतेस."

"आणि मला नाही जमलं तर?"

"लोणी काळभोरच्या पुढे एक फार्म आहे. तिथे ठेवतात असे डॉग्ज. कायमचे. पण तू बघ ना ट्राय करून."

"असे" म्हणजे कसे, हे मी विचारलं नाही. कुत्रा आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता, डावा पाय एका बाजूला पसरून, आणि मुलाच्या तोंडाकडे बघत होता. आपण आता निघायचं ना, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मुलगा लिफ्टने खाली गेला. कुत्रा दाराशी जाऊन बसला तो बसलाच. जेवायची वेळ झाली, मी ताटली आणून नाकापुढे धरली, तरी त्याने दारावरची नजर काढली नाही. हा लोणी काळभोरच्या पुढे जाणार नाही, हे मी तेव्हा ठरवलं. अजूनही तेच ठरलेलं आहे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई शनिवार पेठेत बसतात. गोड बोलायची सवय त्यांना नाही, म्हणून मला त्या आवडतात. त्यांनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वजन कुणी वाढवलं एवढं?"

"मी नाही."

"सगळे असंच म्हणतात."

मग त्यांनी पाय हातात घेऊन हळूहळू वाकवून पाहिला. मांडीवरचे केस अजून यायचे होते आणि टाक्यांची गुलाबी रेघ दिसत होती. म्हणाल्या, "टाके चांगले भरलेत. पण हा आता तीन पायांवर चालायला शिकलाय. डावा पाय नुसता टेकवल्यासारखा करतो, भार देत नाही. त्याला रोज सपाट जागेवर, एका संथ गतीने चालवायचं. जिना नाही, उड्या नाहीत, एकदम वळणं नाहीत. केलंत तर पाय सुधारेल. नाही केलंत तर मांडी वाळेल आणि पुढे दुसरा पायही जाईल."

आता नारायण पेठेत सपाट जागा कुठून आणायची? आमच्या गल्लीत फुटपाथ आहे तो दुचाक्या लावण्यासाठी. रस्त्यावर माणसं चालतात, तीही जीव मुठीत धरून. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी गल्लीतल्या कुत्र्यांचं राज्य आहे, आणि खराडीहून आलेला हा गुबगुबीत पाहुणा बघून त्यांनी असा काही जाब विचारला, की शहाण्या भीतीने गर्रकन वळला आणि त्याच पायावर कळवळून खाली बसला. त्याला लिफ्टपर्यंत आणताना माझी कंबर धरली. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं.

"घरी ट्रेडमिल आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. कपडे वाळतात तिच्यावर."

"कपडे काढा."

ती ट्रेडमिल ह्यांची. हृदयाचं दुखणं झालं तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मुलाने मशीन घरपोच पाठवली, स्वतः मागाहून येतो म्हणाला. हे थोडे दिवस त्यावर चालले. मग म्हणायला लागले, "एवढं चालायचं आणि उतरायचं कुठे, तर आपल्याच घरात. याला काय चालणं म्हणायचं?" आणि पेपर घेऊन खुर्चीत बसले. त्यांना समजावण्यात अर्थ नसे. समजावणारा थकेल, पण ते थकायचे नाहीत. त्याच खुर्चीत गेले. मला त्यांचा अजून राग येतो. आठवण येते तेवढाच राग येतो. त्यानंतर मी त्या मशीनवर पावसाळ्यात चादरी वाळत घालत असे.

डॉक्टरीणबाई एकदा घरी येऊन मशीन बघून गेल्या. शहाण्याला त्यावर उभं करून त्याचं पाऊल पुरतं पडेल एवढा सरकता पट्टा लांब आहे ना, हे पाहिलं. चालण्यापुरता आहे म्हणाल्या, पळायला पुरणार नाही, आणि पळवायचं नाहीच. चढ द्यायचा नाही. मशीनचं तोंड भिंतीकडे होतं ते फिरवायला लावलं, कारण समोर भिंत असली की कुत्रा बिचकतो, पुढे जायला जागा आहे असं त्याला दिसावं लागतं. आम्ही तोंड गॅलरीकडे केलं. गळपट्टा काढून छातीवरून जाणारा हार्नेस घालायला सांगितला. आणि दारात चपला घालता घालता वळून म्हणाल्या, "दोन गोष्टी. मशीनला कुत्रा कधीही बांधायचा नाही. कधीही म्हणजे कधीही. पाय चुकला तर त्याला उतरता आलं पाहिजे. बांधलेला कुत्रा उतरू शकत नाही, तो फरफटतो. आणि पट्टा चालू असताना तुम्ही तिथून हलायचं नाही. फोन वाजो, कुकर शिट्ट्या देवो, दारात साक्षात गणपती येवो."

"गणपतीला थांब म्हणू?"

"तो थांबेल. पट्टा थांबणार नाही."

माझी उभी हयात पहिलीच्या वर्गावर गेली. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात पाटी द्यायची, पण लिही म्हणायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी मशीन बंद ठेवली आणि शहाण्याचं जेवणाचं ताट तिच्यावर मांडलं. त्याने ताटाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लांबूनच मान लांब करून खाल्लं. हळूहळू पुढचे पाय वर आले, मग मागचे. मग मी तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला असताना मशीन नुसती सुरू करायची आणि त्याला गाजराचे तुकडे भरवायची. तो घरघर आवाज म्हणजे गाजर, हे त्याच्या डोक्यात बसल्यावर मगच त्याला वर उभा केला आणि अगदी कमी वेगाने पट्टा सोडला.

शहाण्या चालला नाही. बसला. आणि बसल्या बसल्या पट्ट्याबरोबर मागे सरकत सरकत अलगद जमिनीवर उतरला, मिरवणुकीतला गणपती निघावा तसा. वर माझ्याकडे असं पाहिलं, की हे तू केलंस? मी हसले. ह्यांच्यामागे या घरात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन.

पण शिकला. मी बाजूला उभी राहायची, दोन बोटं हार्नेसमध्ये, दुसरा हात मशीन थांबवायच्या लाल बटणापाशी. त्याचे कान बघायची, जीभ बघायची, आणि सगळ्यात जास्त तो डावा पाय बघायची. तो पाय घासायला लागला की दिवसाचं काम संपलं, मग कितीही थोडं झालेलं असो. जेवण झाल्यावर लगेच चालवायचं नाही, उन्हं तापल्यावर नाही, नखं वाढलेली असताना नाही. शेवटी वेग कमी करत करत पट्टा पूर्ण थांबवायचा आणि थांबल्यावरच उतरू द्यायचं. चालत्या पट्ट्यावरून उडी मारायची सवय लागली की केलेलं सगळं पाण्यात. उभं राहून राहून माझे गुडघे संध्याकाळी बोलायला लागायचे. त्यांना मी म्हणायची, तुम्ही गप्प बसा, तुमचा नंबर नंतर.

मुलगा अधूनमधून फोन करून उंटावरून शेळ्या हाकायचा.

"आई, स्पीड वाढव ना. मी तुला व्हिडिओ पाठवलाय, त्यात डॉग्ज मस्त पळतात."

"तू ये आणि पळ त्याच्याबरोबर."

"तू पण ना."

उन्हाळा सरता सरता शहाण्याला कंबर दिसायला लागली. डाव्या पायाचा पंजा पूर्ण टेकायला लागला. मी मशीनजवळ गेले की तो आधीच वर जाऊन उभा राही, गॅलरीकडे तोंड करून, शेपूट माझ्या पोटरीवर आपटत. डॉक्टरीणबाईंनी त्याला त्यांच्या खोलीत इकडून तिकडे चालवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंत." शनिवार पेठेत याहून मोठं कौतुक मिळत नाही. मी घरी येऊन शिरा केला आणि एकटीने खाल्ला, कारण शहाण्याला गोड बंद होतं. मला त्याचा लळा लागला होता. या वयात कुत्र्याचा लळा लागला हे सांगायची मला लाज वाटत नाही. लागायला दुसरं घरात होतं कोण?

गणपती जवळ आले तशी नदीकाठी ढोलांची प्रॅक्टिस सुरू झाली. पेठेत राहणाऱ्याला ती कानात नाही, छातीत ऐकू येते. शहाण्या पलंगाखाली थरथरत बसायचा. पण मशीनचा आवाज झाला की बाहेर यायचा. काम म्हटलं की त्याला ढोल ऐकू येत नसत. बाहेर रस्ते बंद, मांडव, माणूस माणसाला खेटलेला, आणि आत आम्ही दोघं गॅलरीकडे तोंड करून संथ चाललोय. म्हणजे तो चालतोय आणि मी उभी आहे.

नेमका गौरी जेवणाच्या दिवशी मुलगा, सून, बाळ घरी आले आणि त्यांनी ते पाहिलं. मुलाने लगेच मोबाइल काढला. आई, जरा बाजूला हो, तू फ्रेममध्ये येतेस, म्हणाला. मी हलले नाही. पट्टा चालू होता. त्याने मला कापून तो व्हिडिओ त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. जेवायला बसेपर्यंत लोकांचे अंगठे आणि बदाम यायला लागले होते. पुरणपोळीवर तूप वाढत असताना तो मला एकेक वाचून दाखवत होता. लोक म्हणत होते, काय फिट डॉग आहे, कसं ट्रेन केलंस? तो सगळ्यांना थँक्स म्हणत होता.

दसरा झाला आणि तो कुत्र्याला न्यायला आला.

"आता फिट झालाय ना. सगळे विचारतात, कुठाय म्हणून."

"आत्ता कुठे नीट चालतोय. राहू दे इथे."

"आई, तो आमचा डॉग आहे."

लंगडा होता तेव्हा "असे डॉग्ज" होता, बरा झाल्यावर आमचा झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी नीट पायावर उभा केला नसता तर त्याला कुणी नेला नसता, हे मी त्या दिवशी माझ्याच सोफ्यावर बसून शिकले. तरीही मी मुलाला सगळं सांगितलं. हार्नेस दिला. बांधायचं नाही, सोडून जायचं नाही, पाय घासला की थांबायचं. त्यांनी एव्हाना मोठी ट्रेडमिल घेतली होती.

"हो गं, नेटवर सगळं आहे," तो म्हणाला.

शहाण्या शेपूट हलवत गाडीत चढला. मागे वळून पाहिलं वगैरे काही नाही. तो कुत्रा आहे, त्याला वाटलं फिरायला चाललोय. मी वर आले. गाजरं किसून टाकली कोशिंबिरीत. त्या दिवसापासून मी मशीनवर एक रुमालसुद्धा वाळत घातला नाही. कपडे दोरीवर ओलसर राहिले तर राहिले.

संक्रांतीच्या सुमाराला मुलाचा खालूनच फोन आला, लिफ्टचं दार धरून ठेव. त्याने शहाण्याला उचलून आणला होता. टाइल्सवर घसरला म्हणाला. तोच डावा पाय, तोच गुडघा, सुजून गोल झालेला. "आई, काही महिनेच," असं म्हणून तो अर्धा कप चहा तसाच ठेवून निघून गेला, कारण त्याचा कॉल होता.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. मग मागचे पंजे उलटे करून पाहिले. गाद्या सोलवटल्या होत्या, नखं मुळापर्यंत घासून त्यातून रक्त येऊन वाळलं होतं. मग गळ्यावरचे केस बाजूला केले. तिथे केस नव्हतेच. गळपट्ट्याच्या रुंदीचा लाल वळ होता.

"टाइल्सवर घसरला म्हणतो मुलगा," मी म्हटलं.

"टाइल्सवर घसरलेल्या कुत्र्याच्या गळ्याला वळ उठत नाही," त्या म्हणाल्या आणि औषध लावायला लागल्या. शहाण्याने हूं की चूं केलं नाही. माझ्या पदरात तोंड खुपसून उभा राहिला. मी त्याच्या कानावरून हात फिरवत होते.

मुलाने फोन उचलला नाही. सुनेने उचलला. मी सरळ विचारलं, काय झालं होतं?

ती म्हणाली, "आई, मी खोटं नाही बोलणार. तो सारखा मशीनवरून उतरायचा म्हणून ह्याने लीश हँडलला बांधली. गळपट्ट्याची. स्पीड वाढवला आणि शेजारीच मीटिंगला बसला. कानात हेडफोन होते. मी आत बाळाला झोपवत होते. मला ओरडणं ऐकू आलं, आई, पण मला वाटलं खालच्या गेटवरची कुत्री भांडतायत." आणि ती रडायला लागली.

मी तिला रागावले नाही. तिने खरं तरी सांगितलं. ज्याला रागवायचं होतं तो तेव्हा शहाण्यापासून एका हाताच्या अंतरावर पाठ करून बसला होता. मी त्याला फोनवर गाठला तेव्हा तो म्हणाला, "आई, अ‍ॅक्सिडेंट होता तो. तू असं बोलतेस जसं काही मी मुद्दाम केलं."

"बांधू नकोस म्हणून सांगितलं होतं."

"अगं पण तो उतरत होता ना सारखा!"

"मग उतरू द्यायचं."

यावर तो म्हणाला, की मला हल्ली प्रत्येक गोष्टीचा इश्यू करायची सवय लागलीय. मी फोन ठेवला. मी दुसऱ्यांच्या पोरांना पहिलीत समोरच्याचं ऐकून घ्यायला शिकवलं. माझं पोर कुठल्या बाकावर बसलं होतं कोण जाणे.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. नाही, पहिल्यापासून सोपं होतं. आता शहाण्या मशीन दिसली की मधल्या खोलीत जात नसे. एकदा मी नुसती दोरी हातात घेऊन तिथून गेले तर त्याने जागच्या जागी लघवी केली आणि मान खाली घालून उभा राहिला, जसा काही गुन्हा त्याचाच. मी फरशी पुसली, आणि दोरी आणि गळपट्टा दोन्ही माळ्यावर टाकले. कितीतरी दिवस त्याचं ताट मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर मांडलं. मग एक पाऊल आत. मग मशीनच्या शेजारी. पाय भरून येईपर्यंत डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, घाई कसली. त्याला पट्ट्यावर चारही पायांनी उभा राहायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात गेल्या वेळी तो बरा होऊन बसला होता. पण राहिला. आणि पट्टा पहिल्यांदा हलला तेव्हा खाली उतरला, आणि मी त्याला उतरू दिलं, आणि गाजर दिलं. उतरल्याबद्दल. दुसऱ्या वेळी तो स्वतःच परत वर चढला.

आता शहाण्या उत्तम चालतो. डाव्या मांडीत गेल्या वेळेपेक्षा जास्त ताकद आहे.

ही गोष्ट खराडीला माहीत नाही.

मुलगा रविवारी फोन करतो. "लंगडतोय का अजून?" विचारतो. मी हो म्हणते. एकदा मागे मशीन चालू होती.

"आवाज कसला येतोय?"

"मिक्सर," मी म्हटलं. हार्नेसमधली बोटं काढली नाहीत.

ते घरी येणार असले की मी शहाण्याच्या डाव्या पायाला सैलसं क्रेप बँडेज गुंडाळते. बँडेज बांधलं की धडधाकट कुत्राही पाय उचलून उचलून टाकतो, त्याला ते पायाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. मुलगा बघतो, च्च करतो आणि चहा पितो. मी डॉक्टरीणबाईंनाही सांगून टाकलं, मी मुलाला हा अजून लंगडतो असंच सांगते. त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन." मग हात धुता धुता म्हणाल्या, "पण मला कुणी विचारत नाही."

मला याचं वाईट वाटत नाही. चांगल्या वस्तू खराडीला राहतात, बिघडलेल्या नारायण पेठेत, हा नियम मी केलेला नाही. मी तो फक्त पाळते.

गेल्या रविवारी मात्र फोन आला तो खालूनच. "आई, वर येतोय, दोन मिनिटं. पार्किंग नाहीये, ही गाडीतच बसलीय." शहाण्या मशीनवर होता. आधी वेग कमी केला. पट्टा थांबू दिला. त्याला उतरू दिलं. तोवर लिफ्ट निघाल्याचा आवाज आला. मी कपाटातून बँडेज काढलं, खाली बसले, आणि गुडघ्यांनी जी कळ मारली तिच्या नादात हाताला जो पाय आला त्याला ते गुंडाळलं. बेल वाजली.

मुलाच्या हातात पाळणा होता. बाळाला आता लहान होतो. तो त्याने तंबूशेजारी उभा केला आणि वळला. आणि तेव्हा मला दिसलं. बँडेज उजव्या पायाला होतं.

आता हा विचारणार. आता सगळं उघडं पडणार, आणि हा शहाण्याला घेऊन जाणार, आणि पुन्हा त्या हँडलला बांधणार. शहाण्या उजवा पाय उचलून तीन पायांवर उभा होता. डावा पाय, ज्याचं ऑपरेशन झालं, जो ह्याने पुन्हा मोडला, ज्याच्यावर टाक्यांची रेघ अजून केसांतून दिसते, तो पाय सगळा भार घेऊन खणखणीत उभा होता.

मुलगा खाली वाकला. त्याने बँडेजवरून हात फिरवला.

"अजून दुखतो का रे हा पाय?" तो शहाण्याला म्हणाला. मग मला म्हणाला, "एवढे दिवस झाले तरी तसाच आहे. राहू दे आता तुझ्याकडेच, आई. तुलाही सोबत."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. तो गेला.

सुटले, असं मला वाटायला हवं होतं. शहाण्या राहिला, जे हवं होतं ते मिळालं. पण मी दाराला टेकून उभी राहिले आणि मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. फसवायला सुद्धा समोरच्याला थोडं बघावं लागतं.

मग मी खाली बसले आणि बँडेज सोडलं. पुढच्या वेळी घाई करायचं कारण नाही. कुठल्याही पायाला बांधलं तरी चालेल.